बंद ठेवलेली प्रेस

चाकणच्या एका कारखान्यात तेलाच्या दाबावर पत्र्याला आकार देणारी मोठी प्रेस बंद पडली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव यायचं. रंगराव. उदगीरकडून येऊन मोशीत स्थिरावलेले हे फिटर सुट्टीच्या दिवशीही फोन आला की ताटावरून उठून गाडीला किक मारायचे. दोन-तीन तासांत मशीन चालू. साहेब पाठ थोपटायचे आणि रंगराव सुखावायचे.

मग मेंटेनन्सच्या प्रमुख म्हणून मंजुषा मॅडम आल्या, रंगरावांच्या लेकीच्या वयाच्या. आजवर दुरुस्ती किती झटपट झाली एवढंच पाहिलं जायचं. दुरुस्तीनंतर मशीन किती दिवस टिकलं, हेही त्या फळ्यावर लिहू लागल्या. महिनाअखेर फळा बघून रंगरावांचा चेहरा उतरला. मोठी प्रेस दोन दिवसही धड चालत नव्हती. दर वेळी तेल अडवणारं तेच रबरी सील फुटायचं आणि दर वेळी रंगराव ते बदलायचे.

"म्हणजे इतकी वर्षं मी नुसती ठिगळंच लावली का ओ, मॅडम?"

मॅडमनी हातातला जेवणाचा डबा बाजूला ठेवला. "काका, मूळ शोधायला तुम्हाला कुणी वेळच दिला नाही. 'लवकर चालू करा' एवढंच सगळे म्हणत आले. किती वेळ हवा, सांगा."

असं त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. रंगरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. "एक पुरा दिवस द्या."

उत्पादनाचे साहेब कुरकुरले. मॅडमनी त्यांना फळ्यापाशी नेलं. महिन्याभरात बिघाडांमुळे प्रेस एका दिवसाहून जास्त वेळ बंद राहिली होती. साहेबांनी मान डोलावली.

रंगरावांनी तेलाची टाकी उघडली. तळाशी गाळ साचलेला, गाळणी फाटलेली. लोखंडाचे बारीक कण तेलातून जाऊन सील कुरतडत होते. मॅडमनीही बाह्या वर सारल्या. दोघांनी टाकी धुतली, गाळणी बदलली, नवं तेल भरलं.

महिना उलटला तरी प्रेस चालतच राहिली. रंगरावांना मात्र करमेना.

"आता माझं काय काम राहिलं तिथं?" ते घरी म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुमनताई हसल्या. "अहो, डॉक्टरला काय माणसं आजारी पडलेलीच आवडतात का?"

सोमवारी मॅडम शेजारच्या प्रेसपाशी उभ्या होत्या. "काका, आता ही उघडायची. दिवस तुम्हीच ठरवा."

रंगरावांनी प्रेसच्या अंगावरून हात फिरवला. "उद्याच घेऊ," ते म्हणाले, "आज जरा तिचा आवाज ऐकतो."