आखूड स्क्रू

बाजाराच्या गल्लीत जिन्याखाली चार हात जागा आहे, तिथं किल्लीवाली मावशी बसते. दुकानाला दार नाही. तीन बाजूंनी उघडं, चौथ्या बाजूला जिन्याची तिरपी पाठ, आणि त्या पाठीला खिळे ठोकून लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, हजाराच्या वर. वारा आला की सगळ्या एकदम किणकिणायला लागतात. शेजारचा घड्याळवाला म्हणतो, "दिवसभर तू बोलतेस, तू दमलीस की तुझ्या किल्ल्या बोलतात. मी माझ्या घड्याळांची टिकटिक ऐकायची तरी कधी?"

गल्लीनं तिचं नाव कानस ठेवलंय. हातात सतत कानस असते म्हणून असं ती सांगते, जिभेमुळे असं गल्ली सांगते. दोन्ही खरं. नवरा गेला तेव्हा मागं किल्ली घट्ट धरायचा एक लोखंडी वाइस, सात कानशी आणि एक अर्धवट घासलेली किल्ली राहिली होती. ज्या माणसाची ती किल्ली होती तो चौथ्या दिवशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "वाईट वाटलं हो. पण आमचं कपाट तीन दिवस बंद आहे." मावशीनं आयुष्यात कधी कानस धरली नव्हती, पण नवऱ्याला ती धरताना बावीस वर्षं पाहिलं होतं. तिनं ती किल्ली दुपारपर्यंत घासली, तीनदा बिघडवली, चौथ्यांदा लागली. त्याला आता अठरा वर्षं झाली. हाताची बोटं काळी पडली ती पडलीच, आणि कोणाच्या कुलपापुढं ती मागं सरली नाही.

एका कुलपाखेरीज. ते तिच्या पायाशी, बिस्किटाच्या जुन्या डब्यात, फडक्यात गुंडाळून पडलं होतं.

गल्लीच्या टोकाला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आई, मुलगी आणि आजोबा राहायचे. आई औषधांच्या दुकानात कामाला. मुलगी पंधरा वर्षांची. आवाज असा की तिनं घरात हाक मारली तर गल्लीतला घड्याळवाला "ओ" द्यायचा. म्हणून आजोबांनी तिला टिटवी नाव दिलं होतं. त्यांच्या न्हाणीघराच्या दाराला मावशीनंच हँडल बसवलं होतं.

पुढं एका दुपारी टिटवी आंघोळीला गेली आणि बाहेर आजोबा पडले. पडल्याचा आवाज तिनं ऐकला. मग त्यांनी मारलेली हाक ऐकली. ती दाराशी धावली, हँडल दाबलं, आणि हँडल नुसतंच खाली आलं. दार जागचं हललं नाही. आजोबा हाका मारत होते, ती हँडल दाबत होती. शेजारी भिंतीला ड्रिल चालू होतं, तिचा तो नावाजलेला आवाज त्या दिवशी कोणाला गेला नाही. थोड्या वेळानं हाका थांबल्या. आई आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, आजोबा संपले होते. आईनं बाहेरून हँडल दाबलं, आणि दार लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं.

सगळी गोम तिथंच होती. दार सहज उघडलं. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांपैकी कोणीतरी आतून पण दाबून पाहिलं, तेव्हाही उघडलं. "पोर घाबरली, दुसरं काय," असं म्हणाले लोक, आणि तेही मायेनंच म्हणाले.

पोरीनं मात्र ते वेगळं ऐकलं.

महिन्याभरानं आई मावशीकडं आली. डोळ्यांखाली काळं, हातात दुकानाची पिशवी तशीच.

"मावशी, घरातली सगळी हँडलं, सगळ्या कड्या काढून टाका."

"चोराला जेवायला पण बोलावू का?"

"आतल्या म्हणते मी. पोरगी दार लावतच नाही. आंघोळीला दारात स्टूल अडकवते. शाळेत तर जातच नाही संडासात. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, म्हणजे जायलाच नको. मागच्या आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर आतून बिघडेल."

मावशी गेली. स्क्रू ड्रायव्हर लावून न्हाणीघराचं हँडल कुलपासकट काढलं, आणि ते उलटसुलट करून बघत राहिली.

दाराच्या दोन्ही बाजूंची दोन हँडलं एका चौकोनी सळईवर बसतात. हँडलाच्या मानेत एक बारका स्क्रू असतो, तो सळईला घट्ट धरतो. आतल्या हँडलाचा स्क्रू आखूड होता. सळईला जेमतेम शिवत होता. हळूच दाबलं तर हँडल सळईला फिरवायचं. जोरात, घाईनं दाबलं तर निसटायचं आणि एकटंच खाली यायचं. आणि तो स्क्रू तिचाच होता. बसवायच्या दिवशी लांब स्क्रू संपले होते. आजोबांना ती म्हणाली होती, "तात्पुरता लावते, उद्या येऊन बदलते." आजोबा म्हणाले, "उद्या म्हणजे उद्या बरं का, कानस." तो उद्या काही उगवला नाही. कामं निघत गेली, ती विसरली.

"ते कुलूप दाखव मला," मागून टिटवी म्हणाली. दारात उभी होती, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"काय बघायचंय त्यात? भंगारात जाणार ते," मावशी म्हणाली आणि कुलूप पिशवीत टाकलं.

अठरा वर्षांत कामाच्या बाबतीत तिनं मारलेली ही पहिली थाप.

त्यानंतर टिटवी शाळा सुटली की जिन्याखाली येऊन बसायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही, पण मावशीला कळलं. दार नसलेलं गल्लीत एवढं एकच दुकान होतं. ती दप्तर काढून ठेवायची, त्याच्या कडेच्या खिशात पाण्याची बाटली. सकाळी भरलेली तशीच काठोकाठ.

"पाणी पी."

"नको."

"मग निदान हात चालव. फुकट बसायला हे काय घड्याळवाल्याचं दुकान आहे?"

"मला मध्ये ओढू नकोस हं, कानस," पलीकडून घड्याळवाला ओरडायचा.

पोरीची बोटं चांगली होती. पंधरा दिवसांत ती सोप्या किल्ल्या घासायला लागली, महिन्याभरात कुलूप खोलून परत जोडायला. चुकली की मावशी म्हणायची, "ही किल्ली नाही झाली, करवत झाली. लाकडं कापायला ने." टिटवी हसायची नाही, पण एक नाकपुडी हलायची. मावशीला त्या नाकपुडीची सवय लागली. साडेचार वाजले की तिची नजर आपोआप गल्लीच्या टोकाकडं जायची. आणि पायाशी तो डबा. पोरगी जितकी जवळ येत गेली, तितकं झाकण उघडणं अवघड होत गेलं. एरवी दिवसभर चालणारी जीभ, नेमकी तेवढ्यापुरती टाळ्याला चिकटायची. परवा सांगू. परीक्षा झाल्यावर सांगू. हाही एक उद्याच होता, आणि तिला ते कळत होतं.

एक दिवस टिटवी कोणाचं तरी जुनं हँडल जोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मावशी, हँडल खूप जोरात दाबलं तर आतलं काही तुटतं?"

"का?"

"मी जोरात दाबलं होतं. दोन्ही हातांनी. नंतर सगळ्यांनी हळू दाबलं, उघडलं. म्हणजे मी जरा शांत राहिले असते, हळू दाबलं असतं, तर उघडलं असतं. हो ना?"

ती रडत नव्हती. गणित पडताळून बघावं तसं विचारत होती. मावशीच्या हातातली कानस थांबली. घड्याळवाल्यानं डोळ्याचं भिंग वर केलं, इकडं पाहिलं आणि परत खाली केलं.

मावशीनं डबा वर घेतला. फडकं सोडलं. "खोल," ती म्हणाली.

टिटवीनं ते हँडल ओळखलं. त्याच्यावर एक पांढरा रंगाचा ठिपका होता. थोडा वेळ तिनं हातच लावला नाही. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, मानेतला स्क्रू काढला, तळहातावर ठेवला. मावशीच्या स्क्रूंच्या डब्यातून नेहमीचा एक काढून शेजारी ठेवला.

"हा आखूड आहे."

"हो."

"हा सळईला पोचतच नाही."

"शिवतो फक्त. जोर लावला की सोडतो."

"कोणी लावला?"

"मी. लांब संपले होते. उद्या बदलते म्हणाले तुझ्या आजोबांना, आणि गेले नाही. महिनाभरानं काढायला आले तेव्हा कळलं, आणि तुला सांगितलं नाही. ही दुसरी चूक."

टिटवी म्हणाली, "पण हळू दाबलं असतं तर..."

"हळू दाबलं असतं तर कदाचित उघडलं असतं," मावशी म्हणाली. आता सुरुवात केलीच होती तर अर्धवट खोटं कशाला. "पण नीट ऐक. हळू दाबणाऱ्याला उघडणारं दार कोणीही बसवतं. दार घाबरलेल्या माणसाला उघडलं पाहिजे. हँडल असतं कशाला मग? तू जे केलंस ते कोणीही केलं असतं. मी जे केलं ते मी करायला नको होतं."

टिटवीनं आखूड स्क्रू मुठीत धरला, दप्तर उचललं आणि गेली. जोडायला घेतलेलं हँडल तसंच अर्धवट पडून राहिलं.

घड्याळवाला भिंग न काढता म्हणाला, "सांगायला नको होतंस."

"तू घड्याळं बघ."

आठ दिवस साडेचार वाजत राहिले आणि गल्लीच्या टोकाशी कोणी आलं नाही. पोरीची आई दोनदा समोरून गेली, एकदाही मान वळवली नाही. म्हणजे तिला कळलं होतं. मावशीनं दोन किल्ल्या बिघडवल्या. अठरा वर्षांपूर्वीसारख्या.

नवव्या दिवशी टिटवी आली. बसली नाही. तिनं मूठ उघडली आणि तो स्क्रू लाकडी फळीवर टाकला.

"असे अजून किती दारांना लावलेत?"

"एवढाच."

"आठव."

मावशीनं बोटांवर मोजलं. त्या पुडीत चार-पाच आखूड स्क्रू आलेले होते. पुडी तर केव्हाच संपली.

"तीन. नाहीतर चार."

"कोणाकडं?"

"तपासायला पाहिजे."

"मग ऊठ की," टिटवी म्हणाली. आणि हे ती अशा आवाजात म्हणाली की पलीकडं घड्याळवाल्याच्या हातून चिमटा पडला.

लांब स्क्रूंची पुडी घेऊन दोघी निघाल्या. हँडल तपासायचं तर एकानं आत जायचं, दार लावायचं, आणि घाबरल्यासारखं दाबायचं. दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. टिटवीनं सांगून टाकलं, "आत तू." मावशी आत गेली. शिंप्याच्या घरी गेली, चष्मेवाल्याच्या माडीवर गेली, एका म्हातारीच्या न्हाणीघरात गेली. म्हातारी विचारत होती, "ही बया माझ्या संडासात बसून दार का बडवतेय?" शिंप्याकडं एक आखूड निघाला. म्हातारीकडं दुसरा. तिथं हँडल निसटलं आणि मावशी आत अडकली. बाहेरून टिटवीनं लगेच उघडलं नाही. दोन श्वास, तीन श्वास. मग उघडलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. स्क्रू बदलला.

शेवटचं ठिकाण शाळा होतं. मुलींच्या संडासाची चार दारं, मावशीनंच गेल्या वर्षी बसवलेली. शाळा सुटून गेली होती. झाडूवाली बाई बादल्या पालथ्या घालत होती. ती म्हणाली, "लवकर आटपा, मला कुलूप लावायचंय." पहिली दोन दारं ठीक निघाली. तिसऱ्यात आखूड. तोपर्यंत मावशीचे गुडघे बोलायला लागले होते. ती पायरीवर बसली.

"बसते जरा. मग चौथं."

टिटवीनं दप्तर काढलं. कडेच्या खिशातून बाटली काढली आणि तोंडाला लावली. गटागटा. मावशी बघत राहिली. बाटली अर्धी झाली, रिकामी झाली. टिटवीनं तोंड पुसलं, पायरीवरून स्क्रू ड्रायव्हर उचलला, चौथ्या दारात गेली. आत शिरण्याआधी हँडलाच्या मानेतला स्क्रू तिनं स्वतः काढला, बोटावर धरून पाहिला. लांब होता. परत बसवला, आवळला, पुन्हा एकदा आवळला.

"स्क्रू ड्रायव्हर आत नेते."

"ने."

दार लागलं. हँडल धाडकन खाली आलं, दार उघडलं. पुन्हा लागलं. धाडकन, उघडलं. सहा वेळा. आतून श्वास ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. सातव्यांदा दार लागलं आणि उघडलं नाही.

मावशी गुडघे विसरून उभी राहिली. दारापाशी गेली. हात हँडलावर ठेवला, काढला. "काय गं? अडकलीस का? उघडू?"

आत शांत. झाडूवालीनंही बादली धरून मान वर केली.

"पोरी!"

"मावशी," आतून आवाज आला. थरथरत होता, पण टिटवीचाच होता, तीन घरं पलीकडं जाणारा. "तू इथं उभी राहून ऐकणार आहेस का? जा ना तिकडं लांब! मला लागलीय!"

मावशी लांब गेली. पार नळापर्यंत गेली, आणि ऐकू येऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.