रशीदचाचांची लिंबोणी

आज पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला आणि स्वतःचाच संताप आला. तेव्हा कर्जतला आमच्या आणि शेजारच्या रशीदचाचांच्या विहिरीचं पाणी मी एकाच पाइपलाइनला जोडत होतो, दोघांच्या बागांसाठी.

"तिरका जोड टाक रं," चाचा म्हणाले. "सरळ टी-जोडात तुमचं पानी माझ्या पान्याला आडवं येतंय."

मी नवा इंजिनिअर. "चाचा, पाणी काय भांडतंय व्हय?" म्हणत सरळ टी-जोडच बसवला.

आमच्या दांडग्या मोटरीपुढं त्यांचं पाणी जोडातच अडायचं. मी चारचौघांत त्यांच्या मोटरीला म्हातारी ठरवलं. त्यांनी नवी आणली, तरी पाणी कमीच. त्यात पाइपलाइनवर आधी आमची बाग लागायची, तीच भिजायची. त्यांची लिंबोणी वाळली.

"नशीब आपलं," चाचा म्हणाले. जोड चुकलाय हे मला एव्हाना कळलं होतं, तरी मी निर्लज्जासारखी मान डोलावली.