बिज्याची दुसरी मयाल

रुख्मिणीबाई कापगते हिला हातात घेऊन पाहिल्याशिवाय कशाचाच भरवसा वाटत नसे. बियाण्याचं धान ती दाताखाली फोडून पाही. शेजारणीकडून परत आलेल्या मडक्याच्या बुडाला बोटं लावून तडा शोधी, आणि शेजारणीसमोरच शोधी. तिच्या या सवयीचा कुणाला राग येत नसे, कारण ती सगळ्यांशी सारखीच वागायची. आमचं घर तिच्या घरामागच्या सांदवाडीला, म्हणजे परसाला, लागून होतं. माझ्या आईलाही ती उसनं घेतलेलं तेल उजेडात धरून दाखवायला लावायची.

आमचं चिचटोला अर्जुनीपासून दोन कोसावर, तलावाच्या पाळीखाली. रुख्मिणीबाईचा नवरा यादोराव आणि धाकटा दीर केशोराव एकत्र शेती करायचे. जुनं घर पडायला आलं होतं, म्हणून यादोरावनं नव्या घराचं मनावर घेतलं. जंगल सरकारी होऊन बरीच वर्षं झाली होती. मोठं झाड पाहिजे असेल तर नाकेदारापासून वरपर्यंत हात जोडावे लागत. यादोरावनं ते जोडले आणि नवेगावच्या बाजूचं एक बिज्याचं झाड मिळवलं. गोंडटोल्यातल्या दसरूनं ते तोडलं आणि त्याच्या दोन मयाली केल्या. मयाल म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारी घराची मुख्य तुळई, जिच्यावर सगळं छत बसतं. बिजा तोडला की रक्तासारखा लाल चीक येतो. मयालींना हळदकुंकू लावताना तो चीक रुख्मिणीबाईच्या तळव्यांना लागला आणि कितीतरी दिवस निघाला नाही.

मयाली वाळत ठेवल्या त्या गुरांच्या कोठ्यात, दगडांवर, तणसाखाली. रुख्मिणीबाई दुपारी त्यांच्यावरच बसून तांदूळ निवडायची. दोन्ही हातांच्या विती लावल्या तरी वरच्या बाजूला पुरत नसत, एवढ्या त्या रुंद.

मग एकतीस सालच्या भादव्यात गावात ताप आला. नवराबायको एकदमच अंथरुणाला खिळले. यादोराव गेला तेव्हा रुख्मिणीबाईला शुद्ध नव्हती. पाऊस असा लागला होता की तलावाच्या सांडव्याचा आवाज घराघरात यायचा. तेरवीनंतर तिच्या भावानं तिला बैलांच्या दमणीत घालून माहेरी नेलं. ती परत आली ती दिवाळी उलटून गेल्यावर.

आल्याबरोबर ती कोठ्यात गेली. दगड होते, तणीस होतं, मयाली नव्हत्या.

नव्या घराच्या भिंती मात्र वर आल्या होत्या. आत गोंदियाचा शालीकराम नावाचा वाढई, म्हणजे सुतार, पातळ पातळ पट्ट्या रंधत बसला होता. केशोराव त्याला हाताखाली सामान देत होता.

"भाऊजी, मयाली कोठी गेल्या?" तिनं विचारलं.

"चिरल्या."

"दोनी?"

केशोराव पट्टीवरचा भुसा झटकत राहिला. "हो," तो म्हणाला. "दोनी."

रुख्मिणीबाईनं भिंतीला टेकवलेल्या पट्ट्यांवरून नजर फिरवली. एका मयालीचं लाकूड असेल, फार तर थोडं जास्त. तिनं एक ढलपी उचलली, घरी नेली आणि लोट्यातल्या पाण्यात टाकली. बिजा असेल तर पाण्याला रंग सुटतो. सकाळी पाणी सोनेरी झालं होतं आणि उन्हात धरलं तर निळी झाक मारत होतं. म्हणजे लाकूड तेच होतं. मग उरलेलं कुठं गेलं?

तिला लगेच चुन्नीलाल आठवला. हा गोंदियाचा लाकडाचा व्यापारी. यादोराव होता तेव्हा तो दोनदा येऊन मयाली मागून गेला होता. यादोरावनं नाही म्हटलं होतं. आता यादोराव नव्हता.

ती रोज बांधकामावर जाऊन बसू लागली. शालीकराम रेल्वेच्या गोदामांची छतं करून आलेला माणूस. त्यानं जाड मयालीच्या जागी कैच्या केल्या होत्या. दोन उतरत्या पट्ट्या, खाली एक आडवी, मधे तिरपे आधार, आणि सांध्यांना लोखंडी पट्टी. माळ्यासाठीही तसंच. बोटभर जाडीच्या फळ्या काठावर उभ्या करून ओळीनं लावलेल्या आणि त्या लवंडू नयेत म्हणून मधे फुलीसारख्या काड्या. यावर धानाचा ढोला, ती भलीमोठी कणगी, ठेवायचा, हे ऐकून ती हसली होती. चांगलं हसू नव्हतं ते.

"हे तुटन," ती म्हणाली.

"बाई, जाड लाकूड आपल्याच वजनानं वाकते," शालीकराम म्हणाला. "हे पातळ हाये, पन एकमेकाले धरून हाये."

"अना एकानं सोडलं तं?"

"बाकीचे धरतीन."

"तवा तू कोठी असशीन?"

शालीकरामनं विचार केला. "गोंदियाले," तो म्हणाला.

या उत्तरानं तिचा शालीकरामवरचा संशय थोडा कमी झाला, पण केशोराववरचा वाढला. पहिली कैची वर चढवली त्या दिवशी ती खालून पाहत म्हणाली, "हे तं तिरडी बांधल्यावानी दिसून राहिलं." केशोरावनं हातातला दोर सोडून दिला. कैची कलंडता कलंडता शालीकरामनं सावरली. केशोराव बाहेर निघून गेला आणि त्या दिवशी परत आला नाही. रुख्मिणीबाईनं ते मनात ठेवलं. ज्याचं मन साफ असतं तो असा उठून जात नाही, असं ती माझ्या आईला म्हणाली.

घर झालं, छतावर कवेलू चढले. केशोराव, त्याची बायको धनवंता आणि लेकरं राहायला गेली. रुख्मिणीबाईची खोली पूर्वेच्या बाजूला, सारवून तयार होती. ती गेली नाही. जुन्या घराची सपरी, पुढची ओसरी, तेवढी उभी होती, तिथं तिनं चूल मांडली आणि खाट टाकली. धनवंता दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा आली नाही.

नव्या घरात ती जायची ते फक्त तपासायला. तिनं आपल्या खोलीतल्या कैचीच्या मधोमध एक दोरा बांधला, त्याला खाली गोटा लटकवला आणि गोट्याच्या उंचीवर भिंतीला कोळशाची रेघ ओढली. छत वाकलं असतं तर गोटा रेघेखाली उतरला असता. पहिला पावसाळा गेला, गोटा तिथंच. माळ्यावर धान चढलं, गोटा तिथंच. तेव्हा तिला वाटलं, धनवंता दोरा आखूड करत असेल. तिनं आपल्या माहेरची वेगळी गाठ मारली, जी आमच्याकडं कुणाला येत नाही. दुसरा पावसाळा गेला. गाठ तीच, गोटा तिथंच.

छतानं तिला दाद दिली नाही, म्हणून तिनं व्यापाऱ्याकडं मोर्चा वळवला. एका माघात ती अर्जुनीहून गाडीत बसली आणि एकटीच गोंदियाला गेली. चुन्नीलालची टाल, म्हणजे लाकडाची वखार, स्टेशनच्या मागं होती. तो ओळखीचं हसला, पण ती हसली नाही. सरळ लाकडांच्या थप्प्यांमधे शिरली आणि एकेक लाकूड हातानं चाचपत हिंडली. सागवान, येन, बिजाही होता. तिची मयाल नव्हती. ती हातानं ओळखली असती तिनं.

"क्या ढूँढ रही हो बाई?" चुन्नीलालनं विचारलं.

"माया दिरानं तुमाले मयाल इकली. कोनाले देली तुमी ते?"

"मुझे कहाँ दी?" चुन्नीलाल म्हणाला. "मैंने तो बरसात के बाद फिर आदमी भेजा था. आपके देवर ने कहलवाया, एक तो जिसकी थी उसके साथ गई, दूसरी घर में लगेगी."

"जिसकी थी, कोन?"

"अब वो मैं क्या जानूँ."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. तिला हे वाक्य पटत नव्हतं. व्यापारी खोटं बोलतो हे तिला ठाऊक होतं, पण खोटं बोलायचं तर माणूस यापेक्षा सोपं बोलतो. अर्जुनीला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. रस्ता सोडून गोंडटोल्याकडं वळली.

दसरू अंगणात आऱ्याचे, मोठ्या करवतीचे, दाते कानशीनं घासत होता. वय झालं होतं त्याचं. तिला पाहून त्यानं खाट पुढं केली. ती बसली नाही.

"दसरू, मयाली तू चिरल्या न?"

"एक चिरली, बाई."

"दुसरी?"

दसरूनं कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, तवा पानी कसा होता तुमाले का मालूम. तुमी तं पडून होत्या. गावात हातभर सरपन वाळलं नोहतं. मसनात लाकडं नेली, घासतेल ओतलं, धूर झाला अना इझलं. दोनदा इझलं. यादोराव तसाच, अर्धा. केशोरावचं तोंड मले पाहवलं नाई. मंग तो पळत घरी आला, मले म्हने आरा घे. कोठ्यातली एक मयाल आमी तेथंच तोडली अना फोडली. बिजा वाळला होता चांगला."

रुख्मिणीबाई उभीच होती. "तुले असं सांगाले केशोरावनं सांगितलं?"

"त्यानं सांगू नोको म्हटलं होतं."

"काऊन?"

"एका झाडाच्या दोनी. एक चितेवर गेली. उरली ते जित्या मानसाच्या डोक्यावर घालू नोको म्हनतेत न लोक. पन नाकेदार दुसरं झाड देत नोहता. मंग गोंदियाचा वाढई आनला. त्यानं एका मयालीत सारं छत भागवलं."

तिनं तरीही विश्वास ठेवला नाही. ती आमच्या घरी आली. माझे वडील दारात बैलाला पाणी दाखवत होते. यादोरावच्या मयतीला तुम्ही होता का, तिनं विचारलं. वडील म्हणाले, होतो. काय जाळलं, तिनं विचारलं. वडिलांनी बादली खाली ठेवली आणि आईकडं पाहिलं. तेवढ्यावरून तिला उत्तर मिळालं. बाया मसनात जात नाहीत, पण पुरुष सगळे गेले होते, आणि घरी येऊन बायकांशी बोलले होते. म्हणजे साऱ्या गावाला माहीत होतं. इतकी वर्षं ती चुन्नीलालचं नाव घेऊन केशोरावला बोल लावत होती आणि लोक मुकाट्यानं ऐकत होते.

"तुमी सारे एक झाले," ती आईला म्हणाली.

केशोराव खळ्यावर होता. ती बांधावरून आली तेव्हा धनवंता धान वारवत होती. जाऊबाईचा चेहरा पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"दोनी चिरल्या म्हने," रुख्मिणीबाई दिराला म्हणाली.

केशोरावला समजलं. त्यानं डोक्याचा शेला सोडला. "खोटं बोललो."

"काऊन?"

"सांगितलं असतं तं तुमी रायल्या असत्या त्या छताखाली?"

"अना नाई सांगितलं तं कोठी रायली मी?"

 केशोराव खाली बसला. "वैनी, मी माये लेकरं झोपवली त्याच्याखाली," तो म्हणाला. "रोज वर पाहत होतो. तुमी दोरा बांधला तवा मले बरंच वाटलं. मी बी रोज तो गोटा पाहत होतो."

"तुमी पाहत होते?" धनवंता म्हणाली. तिलाही नव्हतं ठाऊक की नवरा इतकी वर्षं छताला भीत होता. ती त्याच्याकडं पाहत राहिली, तशी, जशी आजवर जाऊबाई पाहत आली होती.

रुख्मिणीबाई मग रडली. खळ्यावर, उभ्या उभ्या, पदर तोंडाशी न नेता. नवरा गेला तेव्हा तिला रडायला शुद्ध नव्हती आणि नंतर तिचं सगळं लक्ष मयालीत गुंतलं होतं. रडून झाल्यावर तिनं विचारलं, मयाल लावल्यावर नीट पेटलं का. केशोराव म्हणाला, नीट पेटलं. पाऊस होता तरी शेवटपर्यंत जळलं.

त्याच आठवड्यात तिनं सपरीतली चूल मोडली आणि पूर्वेच्या खोलीत राहायला गेली. उरलेल्या मयालीचा दोष लागतो की नाही, याचा विचार तिनं केला असणारच, कारण खोलीत पाय ठेवण्याआधी ती दारात खूप वेळ वर पाहत उभी होती. पण कुणाला विचारायला गेली नाही. केशोरावशी ती पूर्वीसारखी बोलू लागली असं मात्र नाही. त्यानं काही सांगितलं की ती धनवंताकडं वळून विचारायची, "खरं हाये का?" आणि धनवंता आता पटकन हो म्हणत नसे. ती आधी नवऱ्याकडं पाहून घ्यायची.

पुढं लढाईच्या वर्षांत जाडं लाकूड आणखीच मिळेनासं झालं, आणि आमच्या भागात कैचीची घरं वाढली. शालीकराम म्हातारा झाला होता, त्याचा भाचा कामं घ्यायचा. गावातल्या बकारामनं घर काढलं तेव्हा तो रुख्मिणीबाईकडं आला. ही बाई उगीच चांगलं म्हणायची नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिच्या तोंडून ऐकायचं होतं त्याला.

"काकी, एवढ्या पातळ लाकडावर भागते का?" त्यानं विचारलं.

ती त्याच्याबरोबर त्याच्या नव्या घरात गेली. एक तिरपा आधार दोन्ही हातांनी धरून तिनं जोरानं ओढून पाहिला, मग दुसरा.

"माया डोक्यावर अजून पडलं नाई," ती म्हणाली. "तुयं मले का मालूम?"