एकशे एक नंबरची म्हैस

“माय, तुनी म्हैस कोठेच नही गई. कॅमेराना नंबर हुकना.”

“नंबर कसा हुकस वं? मनी म्हैस काय भाडानी खोलीमा ऱ्हास?”

खाटेवरच्या ताईबाईचा सवाल ऐकून रत्ना हसली. चोपड्याकडच्या खेड्यांत ती घरोघर इंटरनेट जोडते. स्कूटीला शिडी बांधून हिंडते. नवी नवरी असताना पत्र्यावर चढली म्हणून सासूनं चार दिवस तोंड फिरवलं होतं. आता तीच सासू फोनवर ऐटीत सांगते, “मनी सून खांबावर शे, मंग फोन करा.”

ताईबाईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती खाटेवर. मुलगा अमृत नरडाण्याला कंपनीत. मागल्या खेपेला म्हैस व्यायली तेव्हा जवळ कोणी नव्हतं, पारडू गुदमरून गेलं. आता म्हैस पुन्हा व्यायला आलेली. म्हणून घरामागच्या गोठ्यात कॅमेरा आणि खाटेशी टॅब. कळा दिसल्या की शेजारच्या नथ्थूला हाक मारायची.

लाईट गेली-आली की राऊटर कॅमेऱ्याला नवाच नंबर, म्हणजे नवा पत्ता, देई आणि टॅब जुन्याच नंबरावर म्हैस शोधत बसे. मागच्या आठवड्यात रत्नानं नंबर पक्का करून दिला. ताईबाई म्हणाली होती, “शंभर नको. एकशे एक टाक, सगुनना शे.” रत्नानंही हौसेनं टाकला. तरी आज लाईट आल्यापासून टॅब काळाच.

पंखा संथ फिरत होता. रत्नानं मोबाईलवर राऊटरची यादी उघडली आणि तिचे डोळे जडावले. दिवे लागायच्या वेळी धुळीतून गुरं यावीत, तशी घरातली यंत्रं तिला येताना दिसली. टीव्ही आला, टॅब आला, कोणी न सांगता जो तो आपल्या खुंट्याशी. मागून म्हैस आली. तिच्या खुंट्यावर कोणी परकंच बांधलेलं. म्हैस दारात नुसती उभी.

रत्ना दचकली. यादीत एकशे एकवर नथ्थूचा मोबाईल! शंभरापासून पुढचे नंबर राऊटर येईल त्याला वाटतो, हे ती सगुनाच्या नादात विसरली होती.

“नथ्थूभाऊ, तू म्हैसना खुटावर बठेल शे!”

“मी? मी ते ओटावर बठेल शे,” फुकटच्या वायफायवर क्रिकेट बघणारा नथ्थू म्हणाला.

राऊटर कोणालाच वाटत नाही असा शंभराच्या आतला नंबर हवा होता.

“एक्कावन्न टाकू का, माय?”

“टाक. तोबी सगुननाच शे.”

रत्नानं कॅमेऱ्यात आणि टॅबमध्ये एक्कावन्न घातला, मग लाईट गेल्यावरही नंबर टिकतो का बघायला मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. टॅब उजळला. पाण्याखालचं दिसावं तसा गोठा दिसला. म्हैस बसत होती, उठत होती, शेपूट वर.

“नथ्थू! पय रे! म्हैसले कया उन्यात!” ताईबाई ओरडली.

नथ्थू धावला. टॅबमध्ये आवाज नव्हता. नथ्थू वाकला, पाय ओढले, काहीतरी काळं ओलं कडब्यावर घसरलं. ताईबाई काचेवरूनच दोन बोटांनी त्याचं नाक पुसायला लागली. बोटं फाकत तसं चित्र मोठं होई, शेवटी नुसतं नाकच उरलं.

“जित्तं शे का?” तिनं गोठ्याकडे हाक दिली.

“जित्तं शे, माय. कान हालाई ऱ्हायनं,” घरामागून नथ्थूचा आवाज आला.

ताईबाईनं काचेवरची बोटं काढली नाहीत.

रत्नाचा फोन वाजला. पुढच्या गल्लीत उंदरानं वायर तोडली होती. तिनं पक्कड खिशात घातली, शिडी स्कूटीला आवळली आणि निघाली.