उजव्या पाकळीचा साक्षीदार

देवाला जेवढा त्रास माझ्या चुलत्यांनी दिला, तेवढा अख्ख्या रोहा तालुक्यात कुणी दिला नसेल. गावच्या देवळाची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्यात, आणि काका तिचे वंशपरंपरागत विश्वस्त. पालखी, उत्सव ठीक आहे हो, पण काका स्वतःच्या बारीकसारीक कामांनाही कौल लावायचे. देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेणला एसटीनं जाऊ का, दाढ काढू का, सगळं देवाला विचारून. दाढेच्या वेळी दोन्ही पाकळ्या चिकटूनच राहिल्या, तर काका गाल धरून तीन तास समोर बसले. "देव इचार करतोय," म्हणाले. गाभाऱ्यात पंखा लावायला सक्त मनाई, कारण वाऱ्यानं निकाल फिरतो.

काकांना एकच मुलगी, शालू. काकांचे गुडघे गेल्यापासून देऊळ तीच बघायची. पालखीला माणसं जमवणं, गळकं छप्पर, रुसलेले मानकरी, सगळं तिच्या गळ्यात. काकांनी विश्वस्तपण सोडायचं ठरवलं तेव्हा दुसरं नाव त्यांच्या मनातही नव्हतं. पण देवस्थानच्या जुन्या कागदात लिहिलेलं, की घराण्यातल्या ज्याला देव कौल देईल तो पुढचा विश्वस्त; कौल सिद्ध झाला नाही, तर घराण्यातला थोरला पुरुष. थोरला पुरुष म्हणजे मी. पेणला राहणारा, वर्षातून दोनदा देवळात डोकावणारा.

शालूच्या नावानं कौल लावला तेव्हा गाभाऱ्यात आम्ही तिघंच होतो: काका, मोतीबिंदू झालेला म्हातारा गुरव आणि मी. उजवी पाकळी पडली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पुढे कौल सिद्ध करायला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत चौकशी झाली. काका मुलीचे बाप, गुरवाला दिसत नाही, म्हणजे साक्ष माझीच. साहेबांनी विचारलं, "कुठली पाकळी पडली?" मी म्हणालो, "अंधार होता, नीट दिसलं नाही." एवढंच. पालखीपुढचा पहिला नारळ, पत्रिकेवर नाव, चार लोकांनी उठून जागा देणं, हा मान मला हवा होता. दुसरं काही कारण नाही. लाज वाटते सांगायला. विश्वस्त मी झालो.

गाव मला वाटेल ते बोललं. काका उलट गावावरच उखडले. "त्याला दिसलंच नाय तर तो काय करील? डोळं अधू झालं असतील त्याचं." आणि पुढच्याच आठवड्यात रोह्याहून रेल्वेनं पेणला आले, मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी सत्तावन्न वर्षांचा घोडा. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, मी वाचत सुटलो. भानावर आलो तेव्हा शेवटची बारीक ओळसुद्धा वाचून झाली होती. "नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. काका उठले आणि चपला शोधू लागले. मी वाकून त्या त्यांच्या पायाशी सरकवल्या. वर बघायची माझी छाती झाली नाही.

हे त्यांनी शालूलाही सांगितलं नाही. यंदाच्या उत्सवात मी नारळ घेऊन निघालो, तर काकांनी सगळ्यांदेखत माझं कोपर धरलं. "शालू गो, दुसऱ्या बाजूनं धर. दादाला कमी दिसतं." तिनं खरंच धरलं. "हळू दादा, पायरी हाय," म्हणाली. पायरी मला स्वच्छ दिसत होती. तरी मी पाय चाचपडत टाकला.