किल्ली फिरवायला कोणी नाही

ट्रकच्या सेल्फची, म्हणजे स्टार्टरची, काही तक्रार असली की आमची वाटणी ठरलेली होती. मी ट्रकखाली, बायको केबिनमध्ये. मी 'मार' म्हटलं की तिनं किल्ली फिरवायची, 'सोड' म्हटलं की सोडायची. गाडी न्यूट्रलला आहे ना, हे ती दर वेळी आधी विचारून घ्यायची.

यंदा ती पुण्याला मुलीकडे गेली, नातीला सांभाळायला. वळ गावच्या घरात मी एकटा उरलो.

त्या सकाळी कशेळीला माल भरायला जायचं होतं. किल्ली फिरवली, पण सेल्फचा आवाजच नाही. हॉर्न खणखणीत वाजला, हेडलाइटही लख्ख लागले. म्हणजे बॅटरी ठीक होती; करंट सेल्फपर्यंत पोचत नव्हता. गोणपाट पसरून खाली शिरलो, किल्लीकडून येणारी बारीक वायर जिथं सेल्फला लागते तिथं टेस्ट लॅम्पची, म्हणजे करंट आला की लागणाऱ्या बल्बची, पिन टेकवली आणि सवयीनं ओरडलो, "मार!"

समोरच्या गोडाऊनचा चौकीदार वळून बघायला लागला. केबिनमध्ये कोणी नव्हतं. त्याला हाक मारली असती तर तो आला असता. पण हाक न मारता मी सरपटत बाहेर आलो.

बायकोला फोन लावला. गाडी चालू होत न्हाय, म्हणून सांगितलं.

"मंग मिस्त्रीला बोलवा की," ती म्हणाली. "एकटं कशाला खाली शिरता?"

मी बघतो म्हणालो. तिकडे नात रडायला लागली, तशी तिनं फोन ठेवला.

मिस्त्रीला काही बोलावलं नाही. टेस्ट लॅम्पला लांब वायर जोडली, पिन खाली सेल्फलाच बांधली, बल्ब वर नेऊन स्टिअरिंगला बांधला आणि किल्ली फिरवली. बल्ब लागला नाही. मग त्या बारीक वायरीवर बोट फिरवत पुढे पुढे गेलो. चेसिसच्या एका पट्टीखाली ती घासून सोलली होती. आतलं तांबं हिरवं पडून तुटलं होतं. बॅटरीची वायर सोडवली, तेवढा तुकडा कापून नवीन जोडला, वर टेप गुंडाळली आणि वायर पट्टीपासून लांब बांधली. बॅटरी परत जोडून किल्ली फिरवली, तर एका झटक्यात गाडी चालू झाली.

तिला फोन लावला, नुसती घंटी वाजत राहिली. काळ्या हातांनी मी अंगणात उभा होतो, आणि गाडी चालू झाली हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेवटी चौकीदाराकडे बघून म्हटलं, "हो गया." त्यानं मान हलवली आणि खुर्ची सावलीत ओढली.

कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा तिचा फोन आला. गाडी चालू झाल्याचं ऐकून तिला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "दिवाळीला यायला जमायचं न्हाय. पोरीला सुट्टी न्हाय."

मी बरं म्हटलं. आणखी काही बोलायचं होतं, पण पुढची गाडी हलली आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.