पुन्हा धुतलेला कप

बाळ माझ्या मांडीवर झोपलंय, गाडी घाट उतरतेय, आणि डोळ्यांसमोरून तो कप जात नाही.

सुट्टीच्या प्रवासात वहिनी वाटेतल्या गावांत थांबतात. त्यांच्याकडे कामाला असल्याने बाळाला सांभाळायला मी बरोबर असते. आज एका घराच्या पडवीत तिथल्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मी सवयीने पिशवीतून माझा स्टीलचा पेला काढला, कारण वहिनींच्या घरी माझा पेला वेगळा असतो. काकूंचा चेहरा उतरला. "आमचा कप चालत नाय होय गो तुला?" म्हणाल्या, आणि स्वच्छच असलेला कप माझ्यासमोर पुन्हा धुऊन आणला.

वहिनींसमोर खरं कारण कसं सांगू? सातवीत शाळा सुटलेल्या मला वहिनींनीच घरापासून इतक्या लांब आधार दिला. "सवय आहे हो, काकू," एवढंच म्हणाले आणि त्या कपातून चहा प्यायले. वहिनी बाळाचं टोपडं सारखं करत राहिल्या.

घरातली रीत घरात कधी दिसत नाही. परक्याच्या पडवीत ती अशी उघडी पडते.

खड्डा आला की पिशवीत पेला वाजतो. वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून मी तो पायाने दाबून धरलाय.